उतारवयातील आहार आणि तोंडाचे आरोग्य

"आईचे जेवण फार कमी झाले आहे, एखादे चांगले टॉनिक लिहून द्या." अशी मागणी घेऊन अनेक कुटुंबे दवाखान्यात येतात. मग रक्त तपासले जाते, पोटाची सोनोग्राफी होते, भूक वाढवणारे औषध दिले जाते. पण पुष्कळदा तोंड उघडून आत पाहायचे राहून जाते. हलणारी दाढ, टोचणारी कवळी, सुजलेली हिरडी किंवा कोरडी पडलेली जीभ हे जेवण कमी होण्याचे कारण असू शकते. वृद्ध व्यक्ती अशी तक्रार आपणहून सांगतेच असे नाही. "आता वय झाले, दात जाणारच" असे मानून ती गप्प राहते आणि ताटातले पदार्थ एकेक करून सोडत जाते.

तोंडाचे आरोग्य आणि आहार यांचा संबंध दोन्ही बाजूंनी आहे. तोंड बिघडले की आहार बिघडतो आणि आहार बिघडला की तोंड आणखी बिघडते. हे चक्र कसे चालते आणि ते घरच्या घरी कोठे तोडता येते, याची माहिती या लेखात दिली आहे.

वय वाढले की दात पडतातच का?

नाही. दात वयामुळे पडत नाहीत, तर मुख्यतः कीड आणि हिरड्यांचे आजार यांमुळे पडतात. हे दोन्ही आजार टाळता येतात आणि त्यांवर उपचारही आहेत. जपानमध्ये १९८९ साली '८०२०' नावाची मोहीम सुरू झाली. वयाच्या ८० व्या वर्षी स्वतःचे किमान २० दात शिल्लक असावेत, असे तिचे उद्दिष्ट आहे. प्रौढ माणसाला एकूण ३२ दात असतात. त्यांतले वरखाली जुळणारे २० दात शिल्लक असले, तर नेहमीचे बहुतेक अन्न चावता येते.

वयानुसार तोंडात काही बदल मात्र होतात :

- हिरड्या मागे सरकतात आणि दातांची मुळे उघडी पडतात. दाताच्या वरच्या भागावर एनॅमलचे कठीण कवच असते, ते मुळावर नसते. त्यामुळे मुळाला कीड लवकर लागते आणि थंड-गरम झोंबते.
- अनेक वर्षांच्या वापराने दात झिजतात. सुपारी फोडणे, राखुंडीने किंवा विटेच्या पुडीने दात घासणे यामुळे झीज आणखी वाढते.
- जबड्याचे व जिभेचे स्नायू अशक्त होतात. घास चावायला आणि गिळायला जास्त वेळ लागतो.
- वास कमी येतो, त्यामुळे पदार्थाची चव पूर्वीसारखी लागत नाही. मग जेवणात मीठ आणि साखर वाढत जाते.

दात कमी झाले की ताट कसे बदलते?

पुढचे दात घास तोडतात आणि दाढा तो बारीक करतात. दाढा गेल्या किंवा दुखू लागल्या की चावायला कठीण पदार्थ आधी सुटतात. कडक भाकरी, मोड आलेली कडधान्ये, कच्ची कोशिंबीर, पेरू, शेंगदाणे, चिवट पालेभाजी आणि मटण हे पदार्थ बंद होतात. त्यांची जागा चहात बुडवलेली बिस्किटे, टोस्ट, पाव, साखर घातलेली दूध-पोळी, गुरगुट्या भात आणि साबुदाण्याची खीर घेते.

या बदलाने पोट भरते. पण त्यात पिष्ट आणि साखर जास्त असते, तर प्रथिने, तंतू, लोह आणि जीवनसत्त्वे कमी पडतात. त्याचे परिणाम काही महिन्यांत दिसू लागतात :

- प्रथिने कमी पडल्याने स्नायू झिजतात. खुर्चीतून उठणे जड जाते आणि तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो.
- तंतू आणि पाणी कमी झाल्याने बद्धकोष्ठ होते. पोट जड वाटते, त्यामुळे जेवण आणखी घटते.
- रक्तक्षय होतो, थकवा येतो आणि जखमा भरायला वेळ लागतो.
- चिकट गोड पदार्थ दातांना आणि मुळांना चिकटून राहतात. उरलेले दातही किडू लागतात.

एका दाढेच्या दुखण्यापासून सुरू झालेली गोष्ट अशा रीतीने अशक्तपणापर्यंत जाते. सहा महिने ते वर्षभरात वजन काही प्रयत्न न करता ५ टक्क्यांनी किंवा त्याहून जास्त घटले, तर ते दुर्लक्ष करण्याजोगे नाही. ६० किलो वजनाच्या माणसात ही घट फक्त ३ किलो असते. म्हणून घरातील ज्येष्ठांचे वजन महिन्यातून एकदा करून वहीत लिहून ठेवावे.

आहारातील कमतरता तोंडात कशी दिसते?

तोंडातील आवरणाच्या पेशी सतत नव्याने तयार होत असतात. त्यामुळे शरीरातील कमतरता तेथे लवकर दिसते.

- जीभ लाल, गुळगुळीत होणे, आग होणे, तिखट अजिबात सहन न होणे : बी-१२, फॉलिक आम्ल किंवा लोह यांची कमतरता. शाकाहारी व्यक्ती, मधुमेहासाठी अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणारे आणि आम्लपित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ घेणारे यांच्यात बी-१२ कमी पडण्याची शक्यता जास्त असते.
- ओठांचे कोपरे फाटणे, चिघळणे : बी गटातील जीवनसत्त्वे किंवा लोह यांची कमतरता. पण कवळी झिजल्याने ओठ आत दुमडून कोपऱ्यात लाळ साचत असेल, तर तेथे बुरशीचा संसर्गही होतो.
- हिरड्यांतून रक्त येणे : बहुतेक वेळा याचे कारण दातांवर साचलेले कीटण असते. फळे-भाज्या पूर्ण बंद असतील, तर क जीवनसत्त्वाची कमतरताही असू शकते.
- चव न लागणे : जस्ताची कमतरता, औषधांचा परिणाम, कोरडे तोंड किंवा जिभेवरील बुरशी.

ही लक्षणे एकमेकांसारखी दिसतात. त्यामुळे मनाने बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेत राहण्यापेक्षा एकदा तोंड दाखवून रक्त तपासून घेणे चांगले. बी-१२ ची कमतरता बराच काळ राहिली, तर नसांवर आणि स्मरणशक्तीवरही परिणाम होतो.

तोंडाला कोरड आणि रोजची औषधे

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. लाळ घास ओला करते, चव जाणवून देते, आम्ल सौम्य करते आणि दातांचे रक्षण करते. लाळ कमी झाली की कोरडे पदार्थ घशात अडकतात, कवळी घट्ट बसत नाही आणि दात झपाट्याने किडतात.

उतारवयात कोरड पडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे औषधे. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, नैराश्यावरील औषधे, सर्दी-खाजेच्या गोळ्या, वारंवार लघवी लागू नये म्हणून दिलेली औषधे यांचा हा परिणाम असू शकतो. अनेक औषधे एकत्र असतील, तर तो वाढतो. रक्तात साखर जास्त असणे आणि मानेवर किरणोपचार झालेले असणे ही आणखी काही कारणे.

औषध स्वतःहून बंद करू नये. सर्व गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्याव्यात आणि कोरड पडते असे स्पष्ट सांगावे. काही वेळा औषध किंवा त्याची वेळ बदलता येते. सोबत पुढील उपाय करावेत :

- थोडे थोडे पाणी वारंवार प्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल, तर ते पाळून घोट घ्यावेत.
- जेवणात आमटी, कढी, ताक, सार, पातळ भाजी ठेवावी.
- कोरड घालवण्यासाठी खडीसाखर, गोळ्या, लिमलेट चघळू नये. लाळ कमी असताना याने दात सर्वांत लवकर किडतात.
- तंबाखू आणि दारू टाळावी. चहा-कॉफी कमी करावी.

साखर, मधुमेह आणि हिरड्या

साखर खाल्ल्यावर तोंडातील जंतू आम्ल तयार करतात. दात त्यातून सावरायला वेळ लागतो. म्हणून साखर किती खाल्ली याबरोबर ती किती वेळा खाल्ली हेही महत्त्वाचे आहे. दिवसातून पाच वेळा दोन-दोन चमचे साखरेचा चहा म्हणजे दहा चमचे साखर आणि दातांवर पाच वेळा आम्लाचा मारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनेनुसार वरून घातलेली साखर, गूळ, मध अशी साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी. ती ५ टक्क्यांच्या खाली असेल तर अधिक चांगले. २००० कॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा लहान चमचे. गूळ दातांसाठी साखरेपेक्षा चांगला, हा गैरसमज आहे.

मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना वाढवतात. साखर वाढलेली असली की हिरड्यांतील संसर्ग बळावतो. हिरड्यांत जुनाट संसर्ग असला की साखर आटोक्यात येणे कठीण जाते. हिरड्यांवर उपचार केल्यावर साखरेचे प्रमाण काहीसे सुधारू शकते.

एक धोका मात्र घरच्या सर्वांना माहीत हवा. दाढ दुखते म्हणून जेवण टाळले, पण मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीप्रमाणे घेतले, तर रक्तातील साखर अचानक खाली येऊ शकते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्यांत हा धोका जास्त असतो. दरदरून घाम, थरथर, गोंधळलेले बोलणे, ग्लानी ही त्याची लक्षणे आहेत. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी. शुद्ध हरपलेली असेल, तर तोंडात काही घालू नये. तातडीने रुग्णालयात न्यावे. जेवण घटले आहे हे दिसताच डोसबद्दल डॉक्टरांना विचारावे. दात काढण्याच्या दिवशीही हीच काळजी घ्यावी.

घास मऊ करा, पण सकस ठेवा

चावता येत नाही म्हणून आहार बदलावाच लागतो. पदार्थ तेच ठेवावेत, फक्त त्यांचे रूप बदलावे. ज्येष्ठांना दररोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे तज्ज्ञ सुचवतात. म्हणजे ६० किलो वजनाला ६० ते ७० ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे.

रूप कसे बदलावे?

- कडक भाकरीऐवजी ताजी, मऊ भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून. ज्वारीची किंवा तांदळाची उकड, नाचणीची आंबील. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते.
- उसळीऐवजी मुगाचे किंवा मिश्र डाळींचे धिरडे, पिठले, घट्ट वरण, मऊ मूगडाळ खिचडी.
- अख्ख्या शेंगदाण्याऐवजी भाजून केलेला बारीक कूट भाजीत, कोशिंबिरीत. तिळाची, जवसाची बारीक चटणी, तिखट बेताने.
- पालेभाजी बारीक चिरून, शिजवून, घोटून डाळीत किंवा ताकात. लाल भोपळा, दुधी, गाजर वाफवून कुस्करून.
- कोशिंबीर बंद न करता काकडी, गाजर, बीट बारीक किसून दह्यात.
- फळांमध्ये पपई, केळे, चिकू, पिकलेला आंबा, वाफवलेले सफरचंद, बिया काढून मऊ शिजवलेला पेरू. फळाचा रस काढून गाळू नये. तंतू निघून जातात.
- मांसाहारी असाल तर अंड्याची मऊ भुर्जी, काटे काढलेला मऊ मासा, खिमा.

एका दिवसाचा नमुना पाहा. सकाळी ५० ग्रॅम मूगडाळीची दोन धिरडी आणि पेलाभर दूध. दुपारी मऊ भात, घट्ट वरण, घोटलेली पालेभाजी आणि वाटीभर दही. चार वाजता एक अंडे किंवा कुस्करलेले पनीर आणि पपई. रात्री पिठले आणि दुधात कुस्करलेली भाकरी, झोपण्यापूर्वी बिनसाखरेचे दूध. यात ५५ ते ६० ग्रॅम प्रथिने मिळतात आणि एकही घास कडक नाही. दोन मोठ्या जेवणांऐवजी चार-पाच लहान जेवणे सोयीची पडतात.

सगळे पदार्थ मिक्सरमधून एकत्र फिरवून देऊ नयेत. चव आणि रंग गेला की खाण्याची इच्छाही जाते. वरण, भाजी, भात वेगवेगळे कुस्करून वाढावे. घरच्यांबरोबर पंगतीला बसवावे. सावकाश चावणाऱ्या माणसाला सर्वांचे जेवण आटोपल्यावर एकट्याने खाणे नकोसे वाटते आणि तो अर्ध्यावर उठतो.

जेवताना वारंवार ठसका लागत असेल, पाणी पिताना खोकला येत असेल किंवा आवाज ओलसर होत असेल, तर ही गिळण्याची अडचण असू शकते. तेव्हा फक्त अन्न मऊ करणे पुरेसे नाही, डॉक्टरांना दाखवावे. जेवताना ताठ बसवावे, आडवे असताना भरवू नये.

कवळी : बसवली म्हणजे काम संपले असे नाही

पूर्ण कवळीची चावण्याची ताकद नैसर्गिक दातांपेक्षा बरीच कमी असते. नवी कवळी अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला मऊ पदार्थ, लहान घास आणि दोन्ही बाजूंनी चावणे ही सवय लावावी. पुढच्या दातांनी फळ तोडू नये, फोडी करून खाव्यात.

दात गेल्यावर जबड्याचे हाड हळूहळू झिजते. वजन घटले की हिरड्यांचा आकारही बदलतो. त्यामुळे काही वर्षांनी कवळी सैल होते. सैल कवळी चिकटवण्याची पूड लावून रेटत राहण्यापेक्षा दंतवैद्याकडून तिला आतून अस्तर लावून घ्यावे किंवा ती बदलावी. डब्यात ठेवलेल्या कवळीचा उपयोग नाही. ती का घालत नाही, हे प्रेमाने विचारावे. बहुधा ती कोठेतरी टोचत असते.

- रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवावी. उकळते पाणी वापरू नये, आकार बिघडतो.
- मऊ ब्रश आणि साध्या साबणाने धुवावी. टूथपेस्टने तिच्यावर ओरखडे पडतात.
- कवळी सतत घातल्याने टाळूवर बुरशी होऊन टाळू लाल होतो. हिरड्या आणि जीभ ओल्या मऊ कापडाने पुसाव्यात.

रोजची निगा

- सकाळी आणि रात्री झोपताना फ्लोराइड असलेल्या टूथपेस्टने, मऊ ब्रशने दात घासावेत. राखुंडी, मीठ, कोळसा वापरू नये.
- संधिवाताने किंवा कंपवाताने ब्रश पकडता येत नसेल, तर त्याच्या दांड्याला कापड किंवा रबर गुंडाळून मूठ जाड करावी.
- प्रत्येक खाण्यानंतर चूळ भरावी.
- अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीचे तोंडही दिवसातून दोनदा स्वच्छ करावे. तोंडातील जंतू श्वासमार्गात गेले, तर न्यूमोनिया होऊ शकतो.
- दुखऱ्या दाताजवळ अ‍ॅस्पिरिनची गोळी किंवा तंबाखू धरू नये. गोळीने हिरडी भाजते.

मशेरी हा आपल्याकडे, विशेषतः वृद्ध स्त्रियांमध्ये, दात घासण्याचा जुना प्रकार आहे. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिने दात स्वच्छ होत नाहीत, व्यसन लागते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. सुपारीलाही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली कर्करोगकारक ठरवले आहे. सुपारीने तोंडाचे आवरण आखडते, तोंड पुरेसे उघडत नाही आणि तिखट सोसत नाही. मग जेवणही कमी होते.

दंतवैद्याकडे केव्हा जावे?

दात असोत वा नसोत, वर्षातून एकदा तरी तपासणी करावी. पुढीलपैकी काही आढळल्यास थांबू नये :

- दोन आठवड्यांत बरा न झालेला व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ. दुखत नसली तरी दाखवावी.
- हिरड्यांतून रक्त किंवा पू, हलणारे दात.
- तोंड उघडायला, गिळायला त्रास.
- चेहऱ्यावर सूज आणि ताप असल्यास त्याच दिवशी.

जाताना सर्व औषधांची यादी न्यावी. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर सांगावे, पण स्वतःहून बंद करू नये. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून अ‍ॅलेन्ड्रोनेट, झोलेड्रॉनिक आम्ल किंवा डेनोसुमॅब घेतले असेल, तर दात काढण्यापूर्वी सांगणे आवश्यक आहे. क्वचित जबड्याचे हाड भरून येत नाही. रक्तदाबाच्या अ‍ॅमलोडिपिनने काहींच्या हिरड्या फुगतात, तेही लक्षात येते. खर्चाची अडचण असेल, तर शासकीय रुग्णालयातील दंत विभागात चौकशी करावी. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत.

घरच्यांसाठी पाच प्रश्न

१. गेल्या काही महिन्यांत कोणते पदार्थ खाणे सोडले आहे?
२. कपडे, बांगड्या, अंगठी सैल झाली आहे का?
३. जेवायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो का, एकाच बाजूने चावतात का?
४. कवळी जेवताना काढून ठेवतात का?
५. रात्री पाणी पिण्यासाठी वारंवार उठतात का, तोंड कोरडे पडते का?

एकाही प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल किंवा नेहमीचे पदार्थ सुटले असतील, तर टॉनिक आणण्यापूर्वी चांगल्या उजेडात तोंड पाहावे आणि दंतवैद्याला दाखवावे. तोंडातील दुखणे बरे झाले की पुष्कळदा भूक आपोआप परत येते. तोंड ठीक असूनही वजन घटत राहिले, तर मात्र पुढील तपासण्या कराव्याच लागतात.